आमच्या सोसायटीतली कुकरची वेळ

आमच्या सोसायटीत जवळजवळ दोन वर्षं कुकर लावायची वेळ ठरलेली होती. सकाळी साडेनऊ ते साडेदहा. त्याआधी नाही, त्यानंतर नाही आणि रविवारी तर अजिबात नाही. हा नियम कुठल्या कागदावर नव्हता, मीटिंगमध्ये त्याचा ठराव झाला नव्हता, पण सगळी घरं तो पाळायची. साडेनऊला माझा नवरा जिना उतरून स्कूटरला किक मारायचा. स्कूटर कोपऱ्यावर वळली की पाच घरांत पाच कुकर चढायचे आणि थोड्याच वेळात लग्नाचा बँड लागावा तशा शिट्ट्या सुरू व्हायच्या. सहावं घर आमचं. आमचा कुकर माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला. हा नियम मी केला होता आणि तेव्हा मला त्याचा फार अभिमान वाटायचा. आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटते.

ही पंचाण्णव-शहाण्णवच्या आसपासची गोष्ट. आम्ही बडोद्यात अकोट्याला राहायचो. मी मूळची बडोद्याचीच. आजोबा संस्थानच्या नोकरीत होते, आणि ही माहिती आमच्या माहेरी पाहुण्याला पाणी देण्याआधी दिली जायची. नवरा खानदेशातला, बॉयलरची परीक्षा पास होऊन नोकरीसाठी इकडे आलेला. त्यांचं 'मी जाऊन राह्यलो' ऐकलं की मी नाक मुरडायची, आणि ते म्हणायचे, "तुझी मराठी ढोकळ्यासारखी आहे, निम्मी गुजरातीत आंबवलेली." त्यांचा आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. जिन्यात हसले तर तिसऱ्या मजल्यावर कळायचं की आज पहिल्या पाळीतून लवकर सुटले. माझ्या नाकावर राग आणि त्यांच्या तोंडावर हसू, असा आमचा संसार चालला होता.

ते सावली गावाच्या रस्त्यावर एका रंगाच्या कारखान्यात बॉयलरवर होते. एका दुपारी तिथली वाफेची नळी एका जोडापाशी फुटली. ह्यांच्याच पाळीतला, रोज ह्यांच्या शेजारी बसून जेवणारा सोबती त्या वाफेत सापडला आणि तिसऱ्या दिवशी इस्पितळात वारला. हे वीस पावलांवर होते. ह्यांनी धावत जाऊन मोठा व्हॉल्व बंद केला, म्हणून बाकीची माणसं वाचली. ह्यांच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता.

एवढं मला कारखान्यातल्या लोकांनी सांगितलं. ह्यांनी काहीच सांगितलं नाही. घरी आले, आंघोळ केली, आणि परत आंघोळ केली. सगळे म्हणाले, वाचलात, नशीब मोठं. माझ्या वडिलांनी सत्यनारायण घालायला लावला. हे सोवळं नेसून पाटावर बसले, सांगतील तसं पाणी सोडत होते, आणि आरतीच्या वेळी घंटा वाजली तशी त्यांची मान एकदम खांद्यांत गेली. मी ते पाहिलं. पण घरात माणसं होती, शिरा वाटायचा होता. मी शिरा वाटला.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मी वरणभाताचा कुकर लावला होता. पहिली शिट्टी झाली आणि बाहेरच्या खोलीत काहीतरी आपटलं. जाऊन पाहते तर खुर्ची आडवी, दार सताड उघडं आणि चपला जागेवर. ते अनवाणी गेले होते. तासाभराने विश्वामित्री नदीच्या पुलाच्या कठड्याशी सापडले. घामाने सदरा अंगाला चिकटलेला. मला बघून म्हणाले, "व्हॉल्व बंद झाला का?" मग स्वतःच भानावर आले आणि इतके शरमले की घरी येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

मी त्याच दिवशी कुकर माळ्यावर टाकला. डाळ सकाळी भिजत घालायची, भात पातेल्यात करायचा, तासभर आधी उठायचं. त्यात काय मोठंसं, माझी आई असाच स्वयंपाक करायची. पण भिंती तर सगळ्यांच्या एकच. शेजारच्या गुजराती भाभींचा कुकर वाजला की हे आमच्या मोरीत जाऊन नळ सोडून उभे राहायचे. मग मी भाभींकडे गेले. खरं सांगायची लाज वाटली. 'डोकं फिरलंय' असं एकदा कोणाच्या तोंडी आलं की पिढ्यान्‌पिढ्या जात नाही, हे मला माहेरून पक्कं माहीत होतं. मी म्हणाले, ह्यांना बीपी झालंय, डॉक्टरांनी आवाज सोसायचा नाही असं सांगितलंय. त्या काळात बीपी म्हटलं की कोणी पुढे विचारायचं नाही. अर्ध्या सोसायटीला ते होतंच.

भाभींनी माझा हात धरला. "बेन, फिकर ना करो," म्हणाल्या, आणि संध्याकाळपर्यंत बाकीच्या चारही घरांत जाऊन आल्या. त्यांनीच विचारलं, भाई सकाळी किती वाजता बाहेर पडतात? तोवर ह्यांनी कारखाना सोडला होता. आठ दिवस जाऊन पाहिलं, नवव्या दिवशी कंपनीची बस आली आणि हे थांब्यावरून परत फिरले. आता जवळच एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बसायचे. तांब्याची तार गुंडाळायचं बिनआवाजाचं काम. साडेनऊला जायचे, एक वाजता जेवायला घरी यायचे. डबा न्यायला तयार नसत. मी चारदा विचारलं, चारदा "नको" म्हणाले, पाचव्यांदा मी विचारलं नाही. घरी यायचे, ताट पुढे आलं तरी अन्न गार होईपर्यंत नुसते बसून राहायचे, आणि मग जेवायचे. मला त्याचाही राग यायचा. इकडे मी गरम पोळ्या करून घाम गाळायची आणि हे त्यांचा पापड होईपर्यंत थांबणार.

तर अशी ती कुकरची वेळ ठरली. लोकांनी काय नाही केलं आमच्यासाठी! वरच्या मजल्यावरच्या काकांनी स्कूटरचा हॉर्न काढून टाकला. उत्तरायणाला सोसायटीच्या गच्चीवर पिपाण्या बंद. पोरं पतंग कापायची आणि 'काप्यो छे' असं कुजबुजत म्हणायची, ते ऐकून मला हसू यायचं आणि रडूही यायचं. नवरात्रीत गरब्याचे लाउडस्पीकर कोणाला बंद करता येतात? म्हणून त्या नऊ दिवसांत मी ह्यांना खानदेशात सासरी न्यायची. दिवाळीत पुन्हा तेच. आमची पोरगी तेव्हा पाच वर्षांची. तिला मी टाचा न वाजवता चालायला शिकवलं, दार न आपटता लावायला शिकवलं, फुगा दिसला की 'नको' म्हणायला शिकवलं. मी स्वतः, जिचा आवाज माहेरी तीन गल्ल्या ऐकायच्या, हळू भांडायला शिकले. कधी करून पाहा. त्यात काही मजा नाही.

आणि त्या दिवसाबद्दल मी ह्यांना एक अक्षर विचारलं नाही. मला वाटायचं, विचारलं तर जखमेवरची खपली निघेल. ह्यांच्या आत काहीतरी अडून बसलंय हे मला दिसत होतं. कधी जेवताना, कधी पोरीची वेणी घालून देताना ते तोंड उघडायचे, आता सांगतील असं वाटायचं, आणि मग ते पाणी मागायचे. मी पाणी द्यायची. झोपेत दचकायचे तेव्हाही पाणीच द्यायची. किती पाणी दिलं असेल मी त्या माणसाला.

माझे डोळे उघडले ते एका रविवारी. पोरगी भाभींच्या मुलांशी खेळायला गेली होती. भाभींकडे अचानक पाहुणे आले, हे घरात झोपलेत असं त्यांना वाटलं, त्यांनी दारं-खिडक्या लावून पटकन खिचडीचा कुकर चढवला. थोड्या वेळाने त्या माझ्या दारात आल्या, चेहरा उतरलेला. "बेन, जरा चला ने."

माझी पोरगी त्यांच्या कपाटाच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत घुसून बसली होती. दोन्ही कानांवर हात, डोळे घट्ट मिटलेले, आणि सारखं एकच वाक्य. खेळताना ती गुजरातीतच बोलायची, तसं गुजरातीत. "सीटी वागे तो मारा बाबा मरी जाय." शिट्टी वाजली तर माझे बाबा मरतील. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. घरात आम्ही जे वागत होतो, त्यावरून तिने स्वतःच शिकून घेतलं होतं.

तिला त्या फटीतून काढायला मला अर्धा तास लागला. ती कडेवर आली तेव्हा तिचं काळीज माझ्या खांद्यावर असं धडधडत होतं की मला ह्यांची आठवण झाली. अगदी तसंच. घरात एक माणूस घाबरलेला होता, मी त्याचे दोन केले होते. इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नाही जितका त्या दिवशी स्वतःचा आला.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन पहिल्यांदा खरं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग एका मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंना चिठ्ठी दिली. आता ह्यांना न्यायचं कसं? 'वेड्यांचा डॉक्टर' हे शब्द ऐकल्यावर ते खानदेशापर्यंत पळाले असते. माझ्या वडिलांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "आपल्या घराण्यात असलं काही नाही." मी म्हणाले, जावई तुमच्या घराण्यातले नाहीत, तेव्हा घराणं शाबूत आहे, काळजी नको. ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. बरंच झालं, मला वेळ मिळाला.

ह्यांना मी सांगितलं, मला झोप लागत नाही, डॉक्टरकडे जायचंय, एकटीला भीती वाटते. हे खोटंही नव्हतं. ते लगेच तयार झाले. बिचारे मला स्कूटरवर घेऊन निघाले, वाटेत दोनदा विचारलं, उन्हाचा त्रास होत नाही ना. दवाखान्याच्या पाटीवर काय लिहिलंय ते त्यांनी वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी पाटीकडे पाहिलंच नाही असं दाखवलं.

डॉक्टरीणबाई गुजराती, साधी सुती साडी, बोलणं सावकाश. मी खुर्चीत बसताच म्हणाले, "माझं काही नाही, ह्यांचं आहे." हे उठलेच. बाई शांतपणे त्यांना म्हणाल्या, "तुम्ही बेनना घेऊन आलात ना? मग आधी त्यांचं ऐकू. बसा." मग मला विचारलं, तुमचा दिवस कसा जातो ते सांगा, सकाळपासून. साधा प्रश्न. मी डाळ भिजवण्यापासून सुरुवात केली. पातेल्यातला भात, टाचा न वाजवता चालणं, आणि साडेनऊला स्कूटर कोपऱ्यावर वळली की पाच घरांत लागणारे कुकर. बोलता बोलता मला रडू फुटलं आणि मग काय काय बोलले ते मलाच आठवत नाही. कपाटामागच्या पोरीपाशी येऊन थांबले.

ह्यांच्याकडे पाहिलं तर ते माझ्याकडे बघत होते. "पाच घरं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"रोज?"

"दोन वर्षं होत आली."

त्यांनी चेहरा दोन्ही हातांत धरला. "मला वाटत होतं मी बरा होतोय," ते म्हणाले. "मला शिट्टी ऐकू येत नव्हती ना. म्हणून वाटलं, बरा होतोय."

मला तर ते लक्षातच आलं नव्हतं. मी त्यांना सांगितलंच नव्हतं, कोणीच नव्हतं सांगितलं. आम्ही पाच-सहा घरांनी मिळून त्या माणसाला फसवलं होतं, आणि तेही इतक्या मायेने.

बाईंनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. एखादं भयंकर पाहिल्यावर माणसाच्या डोक्यात धोक्याची घंटा अडकून बसते. धोका निघून जातो, घंटा बंद होत नाही. ती वाजली की माणूस तिथे परत उभा असतो, नुसतं आठवत नाही तर खरोखर उभा असतो. झोप उडते, चिडचिड होते, ज्या ज्या गोष्टीने आठवण होते ती ती टाळली जाते. ह्याला नाव आहे; त्यांनी कागदावर चार इंग्रजी अक्षरं लिहून दाखवली. हा भित्रेपणा नाही, वेड नाही, ह्याच्यावर उपचार आहेत, वेळ लागतो. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही घर शांत केलंत ते प्रेमाने केलंत. पण आवाज टळला की ह्यांच्या मनाला वाटतं, बघ, धोका होता, थोडक्यात वाचलो. दर वेळी भीती थोडी मोठी होते." मी दोन वर्षं रोज सकाळी साडेनऊला तिला खतपाणी घातलं होतं.

घरी आल्यावर मी भाभींकडे गेले. म्हणाले, "भाभी, ह्यांना बीपी नाही." भाभी भाजी निवडत होत्या. "मने खबर छे," त्या म्हणाल्या. म्हणजे, मला माहीत आहे. त्यांना सुरुवातीपासून माहीत होतं. "तुम्हाला सांगायचं नव्हतं, म्हणून आम्ही विचारलं नाही." मी तिथेच जमिनीवर बसले आणि त्यांच्याबरोबर गवार निवडली. एक-दोन घरांनी आमच्याशी बोलणं कमी केलं, हे लपवण्यात अर्थ नाही. पण चारच दिवसांनी हॉर्न काढून टाकणारे वरचे काका जिन्यात थांबले आणि त्यांनी डॉक्टरीणबाईंची वेळ विचारली. एका ओळखीच्या माणसासाठी, म्हणाले. ओळखीचा कोण ते मी विचारलं नाही.

बाईंनी झोपेसाठी थोडे दिवस गोळ्या दिल्या, दर गुरुवारी बोलायला बोलावलं, आणि घरी करायला अभ्यास दिला. कुकर खाली आला. पहिले आठ दिवस तो रिकामाच ओट्यावर. मग पाणी घालून गॅसवर, पण शिट्टीशिवाय. नुसती वाफ निघायची आणि हे स्वयंपाकघराच्या दारात चौकट धरून उभे राहायचे, तळहात ओले. मधे एकदा हा अभ्यास सोडून दिलासुद्धा, आणि आठवडाभर गुरुवारचं नाव काढलं नाही. मी भांडले, या खेपेला मोठ्याने. ते परत गेले. मग शिट्टी लावून, वाजायच्या आधी त्यांनी स्वतः गॅस बंद करायचा. असं करत करत एका सकाळी आम्ही ठरवलं, आज वाजू द्यायची. पोरगी म्हणाली मीपण थांबणार, आणि तिने त्यांचं बोट धरलं.

वाजली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, ते खाली बसले, पण तिथेच बसले. पोरीने एका हाताने एकच कान झाकला होता, दुसरा हात त्यांच्याकडे होता. वाफ विरली. ते म्हणाले, "झाली?"

"झाली."

"मग अजून दोन होऊ दे. डाळ कच्ची राहील."

मी ओट्याकडे तोंड करून किती वेळ उभी होते कोण जाणे.

त्यानंतरच्या एका गुरुवारी ते आत नेहमीपेक्षा जास्त वेळ होते. परतताना पुलापाशी त्यांनी स्कूटर थांबवली आणि गाडीवरून न उतरता, पुढे बघतच मला सांगितलं. बॉयलरच्या मागे वाफेच्या नळीवर एक सपाट पत्रा होता. पाळीतले सगळे आपापले डबे सकाळी त्यावर ठेवायचे, म्हणजे दुपारपर्यंत गरम राहायचे. डबे आणायची पाळी त्या दोघांत ठरलेली, एक दिवस हा, एक दिवस तो. "त्या दिवशी माझी पाळी होती," ते म्हणाले. "माझा पाय दुखत होता. मी त्याला म्हटलं, आज डबे तू आण."

मी त्यांच्या पाठीला डोकं टेकलं. दोन वर्षं गार अन्न जेवणाऱ्या माणसाला मी काय काय बोलले होते ते एकेक आठवत होतं.

"मला तिला सांगायचंय," ते म्हणाले. त्याच्या बायकोला.

डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. आधी दोन-तीनदा त्यांच्यासमोर सगळं बोलून झालं, आणि थंडी पडल्यावर एका रविवारी आम्ही एसटीने सावलीला आणि तिथून रिक्षाने त्याच्या गावी गेलो. त्याची बायको माझ्याच वयाची. ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. ह्यांना बघून डोक्यावरचा पदर सारखा केला, आत जाऊन पाणी आणलं, चहा ठेवला. बोलत होती गुजरातीत, मी आपल्या भाषेत सांगते. चहा झाल्यावर म्हणाली, "बेसणाला सगळी पाळी आली होती, भाई. तुम्ही तेवढे आला नाहीत."

गुजराती घरात माणूस गेला की ठरल्या दिवशी लोक येऊन घडीभर शांत बसून जातात, ते बेसणं. कारखान्यातली माणसं ह्यांना न्यायला आली होती. दारातून त्यांना परत पाठवलं होतं मी. बरं नाही म्हणून. मी ते तिला सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलं, मला बघणं तुम्हाला नको असेल." त्या दोन वर्षांत मी पाच घरांचे कुकर सांभाळले होते आणि ही बाई कशी आहे हे एकदाही कोणाला विचारलं नव्हतं.

मग ह्यांनी सांगितलं. पाळी कोणाची होती, पाय दुखत होता, डबे तू आण. आवाज कापत होता पण थांबला नाही. तिच्या हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली. तिने विचारलं, "पाय खरंच दुखत होता ना?"

"हो."

"मग झालं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते माफ करणं होतं की नाही, मला अजून सांगता येणार नाही.

मग ती म्हणाली, "पुढचं सांगा. मला कोणीच सांगत नाही. म्हणतात, तो शुद्धीतच नव्हता, त्याला काही कळलं नाही."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. हे मलाही माहीत नव्हतं. ते म्हणाले, "शुद्धीत होता. जीपमध्ये बडोद्यापर्यंत त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. सारखा एकच सांगत होता. घरी सांग, फार लागलेलं नाही. मी म्हटलं, सांगतो. मला सांगता आलं नाही, बेन. आज सांगतोय."

ती हसली. खरंच हसली, तोंडावर पदर धरून, आणि हसता हसताच रडायला लागली. "असाच होता तो," म्हणाली, "असाच खोटारडा." मी उठून तिच्याजवळ बसले. तिचे खांदे हलत होते आणि माझा हात तिच्या पाठीवर होता, आणि ह्यांनी खाली सांडलेले तुरीचे दाणे एकेक करून ताटलीत भरले.

निघायच्या वेळी ती आमच्याबरोबर फाट्यापर्यंत आली. तुम्ही आता बरे दिसता, असं ह्यांना म्हणाली. ह्यांनी डॉक्टरीणबाईंचं सांगितलं, लपवलं नाही. ती ऐकत चालत होती. मग म्हणाली, कारखान्याची बस रोज ह्याच फाट्यावरून जाते. ती यायची वेळ झाली की मी घरात जाते, दार लावते, आणि मुलांना बोलू देत नाही. बस गेली तरी तासभर दार उघडत नाही. शेजारणी म्हणतात, नवरा गेलेल्या बाईचं असंच असतं.

रिक्षा आली. ह्यांनी मला आधी बसवलं. ती रिक्षाची दांडी धरून उभी राहिली, आणि मला हळूच विचारलं, "त्या डॉक्टरबाई ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांनाच तपासतात, की ज्यांनी पाहिलं नाही त्यांनाही?"

पुढच्या गुरुवारी आम्ही तिघं गेलो.